आपी, आपोय, आफू

मी चौदा वर्षं परक्या माणसांचे खिसे तपासले. माझ्या मुलीला हे वाक्य आवडत नाही. तिच्या मैत्रिणींचे वडील इंजिनिअर, अकाउंटंट असे काहीतरी असतात, आणि माझं काम तिला चोर पकडणाऱ्यासारखं वाटतं. पण कामच ते होतं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक खैतान वस्तीतल्या माझ्या घरी आले आणि म्हणाले, भाई, तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा. मी विचारलं, किती पानं? ते म्हणाले, पानं मोजू नका, सुचेल ते लिहा. मला मोजल्याशिवाय सुचत नाही ही अडचण आहे. म्हणून एकाच लायटरचं लिहितो. एक हा आकडा चुकायची भीती नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो. कुवेतचं तेल अहमदीच्या टेकाडावरच्या मोठ्या टाक्यांत साठवतात. तिथून ते उतारानं, आपल्याच वजनानं, खाली समुद्राकडे येतं. किनाऱ्यापासून आत खोल पाण्यापर्यंत लांब धक्का बांधलेला आहे. त्याला टँकर लागतात, नळ जोडले जातात, आणि तेल टँकरच्या पोटात पडतं. ते पडत असताना जो वायू वर येतो त्याला एक ठिणगी पुरते. म्हणून धक्क्याच्या तोंडाशी फाटक, फाटकाशेजारी पत्र्याची खोली, आणि खोलीत मी. जहाजावरचे खलाशी अहमदीला फिरून, चार वस्तू घेऊन परत येत, तेव्हा त्यांच्या खिशातली काडेपेटी आणि लायटर काढून घ्यायचे हे माझं काम. काडेपेट्या पाण्याच्या पिंपात जात. लायटर किमती असत, ते कपाटात ठेवून मी पितळी टोकन देई. भिंतीवर साठ लोखंडी आकडे, त्यांवर नंबर घातलेली साठ टोकनं. जहाज सुटायच्या तासभर आधी मी स्वतः त्या जहाजाचे लायटर घेऊन शिडीपाशी जाई, टोकन घेई, लायटर देई. टोकन परत आलं म्हणजे वस्तू पोचली, असा नियम.

आणखी एक नियम होता. फाटकाच्या आत इंग्रजीतला ‘फायर’ हा शब्द उच्चारायचा नाही. खरोखर आग लागली तरच तो ओरडायचा. मला हे परकं वाटलं नाही. आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावात दिवा ‘विझव’ म्हणत नाहीत, ‘मालव’ म्हणतात. अशुभ शब्दाला जपून वापरायची सवय घरातूनच होती. पण मग खलाशाला विचारायचं कसं? मी डाव्या हाताची मूठ करून तिच्यावर उजव्या हाताचं बोट ओढी, काडी ओढल्यासारखं. जगातल्या सगळ्या खलाशांना ही खूण कळते. ते हसत, खिशात हात घालत, आणि बहुतेक जण आपल्या भाषेतला शब्दही म्हणत. ते शब्द मी टिपू लागलो. कंपनीच्या नोंदवहीत नाही, माझ्या वाणसामानाच्या लांबट वहीत. चार रकाने: वार, जहाजाचा झेंडा, माणसाचा मुलूख, शब्द.

सुरुवातीला आपला वेळ जात होता इतकंच. एका पोलिश मशिनवाल्यानं ‘ओग्येन’ म्हटलं तेव्हा मला वाटलं हा आपला ‘अग्नी’ ओळखतो की काय. मग सुराबायाचा एक इंडोनेशियन आला. त्याने दोन शब्द दिले. घरी जावाच्या बोलीत ‘गेनी’, आणि बाहेर सगळ्यांशी बोलताना ‘आपी’. गेनी म्हणजे अग्नीच, कुठल्या तरी जुन्या व्यापारात आपल्याकडून गेलेला. पण आपी त्यांचा स्वतःचा. तो उत्साही होता. त्याने मोडक्या इंग्रजीत समजावलं की त्यांच्याकडे काडेपेटीत आपी, फटाक्यात आपी, ज्वालामुखी म्हणजे आपीचा डोंगर, रेल्वे म्हणजे आपीची गाडी, आणि वाफेचं जहाज म्हणजे आपीचं जहाज. मी त्याला सांगितलं, आम्ही आगपेटी म्हणतो, आगगाडी म्हणतो, आणि मी स्वतः मुंबईहून कुवेतला आगबोटीनं आलो. शब्दांत काही नातं नाही, पण दोन्हीकडच्या माणसांनी धूर सोडणारी वस्तू पाहिली आणि एकच नाव सुचलं.

पुढल्याच आठवड्यात मनिलाचा एक स्वयंपाकी आला, तो म्हणाला, ‘आपोय’. मग एका ब्रिटिश टँकरवरचा न्यूझीलंडचा माओरी आला. दारातून वाकून आत यावं लागलं इतका उंच. त्याने बोट वर करून फुंकर मारली आणि म्हणाला, ‘आही’. मी वही उघडून तिन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. नकाशात या तिघांची गावं मोजली तर पट्टी पुरत नव्हती, आणि शब्द मात्र एका घरातल्या भावंडांसारखे.

जहाजांच्या एजंटाकडे पेद्रू नावाचा गोव्याचा कारकून होता. तो कागद घेऊन दिवसातून दोनदा फाटकावर येई आणि माझी वही पाही. म्हणाला, "दाऊदभाय, पाकिटमार खिसे बघतात पैशासाठी. तुम्ही बघता शब्दासाठी. दोघांनाही पोलिसात द्यायला हवं."

आता तो शुक्रवार.

लायबेरियाचा झेंडा लावलेला एक टँकर लागला होता. संध्याकाळी सुटणार असा कागद होता. सकाळी बाहेर गेलेले अकरा खलाशी अकराच्या सुमारास परत आले. दहा जणांकडे नुसत्या काडेपेट्या. शेवटचा जो आला तो सडपातळ, काळसर, शांत. त्याने लायटर दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. लढाईतल्या काडतुसाच्या पितळी नळीचा घरी बनवलेला लायटर होता तो, आणि त्यावर टोकदार काहीतरी घेऊन बैल कोरलेला. बैलाला वशिंड. गोऱ्यांच्या मुलखातल्या बैलांना वशिंड नसतं हे मला माहीत होतं, म्हणून मी विचारलं, इंडिया? त्याने नाही म्हणून मान हलवली. मी खूण करून शब्द विचारला. त्याने लायटर बोटानं दाखवला आणि म्हणाला, "आफू." मी वहीत लिहिला, त्याला सत्तेचाळीस नंबरचं टोकन दिलं, कपाटाला कुलूप लावलं, चावी खिशात टाकली आणि जुम्याच्या नमाजाला गेलो.

चावी एकच होती, आणि ती एकच असावी हा माझाच आग्रह. माझ्याआधी दोन चाव्या होत्या आणि तीन लायटर हरवले होते. मी आल्यापासून एकही नाही. हे मी साहेबांना वर्षातून एकदा तरी सांगत असे.

परत आलो तो सव्वा वाजला होता. टँकर धक्क्यापासून सुटून वळत होता, मला त्याची पाठ दिसली. वरून निरोप आला होता की दुसऱ्या जहाजाला जागा हवी, म्हणून कमी तेल भरून हा आधीच सोडला. फाटकावर आमचा पहारेकरी बू सालेम बसला होता. सालेमचा बाप म्हणून बू सालेम. माझ्या थोरल्याचं नाव अन्वर म्हणून तो मला बू अन्वर म्हणे. तरुणपणी तो मोत्यांसाठी बुड्या मारायचा, मग गलबतांवर होता. मलबार, रत्नागिरी, झांझिबार सगळं पाहिलेलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते आणि हिंदुस्थानी चांगली येत होती.

तो म्हणाला, "बू अन्वर, तुझी चावी नमाज पढायला गेली, आणि माणूस इथे उभा राहिला."

मग त्याने सांगितलं ते असं. तो खलाशी धक्क्यावरून धावत आला, कपाट बंद पाहून थांबला. ओरडला नाही. कपाटावर हात ठेवून उभा राहिला, जसा नाखवा तुटलेल्या डोलकाठीवर हात ठेवतो. जहाजाचा भोंगा दोनदा झाला. तेव्हा त्याने टोकन टेबलावर ठेवलं आणि गेला.

टोकन टेबलावरच होतं. मी ते आकड्याला लावलं. साठच्या साठ. नोंदवहीत कुणी पाहिलं असतं तर सगळं चोख होतं: टोकन परत, म्हणजे वस्तू पोचली. लायटर कपाटात आहे हे मला माहीत होतं आणि बू सालेमला.

मी पेद्रूकडून एजंटातर्फे जहाजाला पत्र पाठवलं. महिन्याने उत्तर आलं. खलाशांची मुदत पुढच्या बंदरात संपली, सगळे पांगले. निरनिराळ्या देशांचे होते, लायटरबद्दल कुणाची तक्रार नाही, विषय बंद समजावा. पेद्रू म्हणाला, आता टाका पिंपात. मी म्हटलं, तक्रार नाही याचा अर्थ वस्तू नको असा होत नाही. नाव माहीत नव्हतं. चेहरा आठवू म्हटलं तर आठवेना, कारण मी खिशाकडे पाहत होतो. माझ्याकडे होता एक शब्द.

पेद्रूला देवनागरी येत होतं. त्याने वहीत पाहून विचारलं, "फाटकावर बसून अफू लिहिता? जेलात जाल हो." मी त्याला काना दाखवला. मग तो गंभीर होऊन म्हणाला की मग हा तुमच्या त्या आपीवाल्यांचाच कुणीतरी.

मलाही तसंच वाटत होतं. म्हणून मी प्रत्येक आपीवाल्याला लायटर दाखवू लागलो. सुराबायावाला पुन्हा आला तेव्हा म्हणाला, आमचा नाही, आमच्यात फ येत नाही या शब्दात, फिलिपिनोंना विचारा. मनिलाचा स्वयंपाकी खो खो हसला. आमच्याकडे मुळात फ नाहीच, म्हणाला, आम्ही आमच्या देशालाच पिलिपिनास म्हणतो. माओरी या खेपेला आला नव्हता, पण त्याच्या जहाजावरच्या सामोआ बेटाच्या एका माणसाने सांगितलं, आमच्याकडे ‘आफी’. मी खूश झालो, फ सापडला. पण सामोआत वशिंडाचे बैल नाहीत, त्यानेच सांगितलं, डुकरं आहेत.

घरी हा विषय रोजचा झाला. बायको म्हणायची, "जेवताना तरी त्या लायटराचा इसर पाडा." अन्वर तेव्हा शाळेत होता, त्याने मान वर न करता म्हटलं, "इट्स ओन्ली अ लायटर, अब्बा." मी त्याला म्हटलं, ते बरोबर आहे, पण तो माझ्या खिशातल्या चावीमुळे राहिला आहे. त्याला ते इंग्रजीत सांगता आलं नाही मला.

गाठ सुटली ती एका डच टँकरच्या चीफ ऑफिसरमुळे. त्याचं लहानपण जावात गेलेलं. तो कधी फाटकावर बोलायला थांबत नसे, पण त्याने माझी वही पाहिली आणि खुर्ची ओढून बसला. त्याने सांगितलं की ही सगळी एका कुळातली भाषा. पश्चिमेकडे आफ्रिकेच्या शेजारापासून पूर्वेला पार पॅसिफिकच्या टोकाच्या बेटांपर्यंत पसरलेली. माणसं होड्यांतून गेली, बरोबर आग नेली आणि आगीचा शब्द नेला. विद्वान लोक मूळ शब्द ‘हापुय’सारखा काहीतरी होता असं म्हणतात. एकीकडे त्याचा आपोय झाला, एकीकडे आपी, एकीकडे प चा फ झाला, आणखी पुढे फ सुद्धा गळून ह उरला. त्याने पेन्सिलीनं माझ्या वहीतच क्रम लावून दिला. मी आठ महिने टिपत होतो ते त्याने दहा मिनिटांत ओळीत बसवलं.

मग लायटर हातात घेऊन तो म्हणाला, "आफू आणि वशिंडाचा बैल. मिस्टर दाऊद, हा मादागास्करचा."

बोर्निओच्या बाजूची माणसं हजाराहून जास्त वर्षांपूर्वी आख्खा हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेजवळच्या त्या बेटावर जाऊन राहिली, म्हणून तिथे हा शब्द. मला खरं वाटेना. मी बू सालेमला सांगितलं. तो म्हणाला, त्यात काय, वारा तसाच वाहतो. तो स्वतः अर्धा रस्ता गेला होता.

आता मादागास्करचा माणूस गाठायचा. पेद्रूने सांगितलं की ते फ्रेंच जहाजांवर असतात, पण कमी. मी फ्रेंच झेंडा दिसला की खुर्चीतून उठायचो. असे चौदा टँकर गेले. पंधराव्यावरून एक गोल चेहऱ्याचा, करड्या केसांचा माणूस आला. मी काडी ओढायची खूण केली. त्याने काडेपेटी दिली आणि एक लांबलचक शब्द म्हणाला, पुढे स्पष्ट ‘आफू’. घासायची आफू, असा त्याचा अर्थ.

मी कपाट उघडून लायटर त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो घेतला नाही, आधी हात पँटला पुसले. मग बैलावरून अंगठा फिरवला. त्याचं नाव राकोतो. त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, पण त्याने सांगितलं ते मला पुरेसं कळलं. हे काडतूस फ्रान्सचं. पहिल्या महायुद्धात त्यांच्याकडची माणसं फ्रान्सला नेली होती, त्यातलं कुणीतरी हे घेऊन परतलं असणार. शिंगं अशी बाहेर वळलेली काढतात ती दक्षिणेकडची माणसं. हा बापाचा, नाहीतर आज्याचा लायटर आहे. माणसाला तो ओळखत नव्हता. पण फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरात एक खाणावळ आहे, तिथे त्यांच्यातला प्रत्येक खलाशी कधी ना कधी उतरतो.

"मी तिथे विचारीन," तो म्हणाला. "ज्याचा आहे तो रडेल."

इथे माझी अडचण झाली. नियम असा की टोकनाशिवाय वस्तू द्यायची नाही. नियम मोडला तर मी त्या तीन लायटर हरवणाऱ्यापेक्षा वेगळा कसा? समोरचा माणूस एकदाच भेटलेला. तो स्वतःच ठेवून घेणार नाही कशावरून? बू सालेम दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, काय करू? तो म्हणाला, "कपाटात आहे तोवर हरवलेलाच आहे. याच्या हातात दिला तर कदाचित हरवेल."

हा हिशोब मला पटला. मी लायटर दिला, आणि आकड्यावरून सत्तेचाळीस नंबरचं टोकन काढून तेही दिलं. खुणांनी सांगितलं की लायटर मालकाला, आणि टोकन मालकाने इथे परत आणायचं. राकोतोने दोन्ही वस्तू रुमालात बांधल्या. शिडीपर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. नियमाप्रमाणे.

आता उलट झालं. आधी कागद बरोबर होता आणि लायटर चुकीच्या जागी. आता लायटर वाटेला लागला आणि कागद चुकला. महिनाअखेर साहेब तपासणीला आले, टोकनं मोजली, एकोणसाठ. मी घडलेलं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला मेमो दिला. माझ्या चौदा वर्षांतला एकमेव मेमो. तो मी फाईलला लावून ठेवला आहे. पेद्रू म्हणाला, फ्रेम करा.

त्याच आठवड्यात मी साहेबांची लेखी परवानगी घेऊन कपाटाची दुसरी चावी करवली आणि बू सालेमला दिली. ती त्याने गळ्यात बांधली. मोत्याच्या दिवसांत बुडी मारताना नाकाला लावायचा चाप तसा गळ्यात असे, म्हणाला.

मग काहीच झालं नाही. वर्ष गेलं, वर पाच महिने. कुवेतात तोवर चालणारे रुपये जाऊन दिनार आले, फाटकाला नवा रंग लागला. सत्तेचाळीसचा आकडा रिकामा राहिला. साहेबांनी नवं टोकन पाडून घ्यायला सांगितलं, मी दोनदा विसरलो. मी सहसा विसरत नाही.

एका शुक्रवारी मी नमाजाहून परत आलो. एक फ्रेंच टँकर एक वाजता सुटणार होता, तो ठरल्यावेळी सुटला होता. त्याची पाठ दिसत होती. मी खोलीत शिरलो आणि सवयीनं भिंतीकडे पाहिलं. साठ.

बू सालेम चहा पीत होता. त्याने पेला खाली ठेवला.

"तोच होता," तो म्हणाला. "सकाळी बाहेर गेला तेव्हा मी ओळखलं नाही, टोपी होती. परत आला, टेबलावर लायटर ठेवला, शेजारी आपलं टोकन ठेवलं. मग काय केलं सांगू? मूठ केली आणि तिच्यावर बोट ओढलं. काडी ओढणारा कुठे आहे म्हणून विचारत होता."

"तू काय सांगितलंस?"

"नमाजाला गेलाय म्हटलं. हसला. दहा मिनिटं बसला त्या खुर्चीत. मग मी नियमाप्रमाणे लायटर कपाटात ठेवला, टोकन त्याला परत दिलं, आणि सुटायच्या आधी शिडीपाशी जाऊन टोकन घेतलं, लायटर दिला. तुझ्यासारखंच केलं सगळं."

मी विचारलं, नोंद केलीस? तो जरा लाजला. नोंदवही पुढे सरकवली.

तपासणीच्या वेळी साहेबांना मी सांगितलं की सत्तेचाळीस नंबर परत आला. त्यांनी विचारलं, कुठे होता? मी म्हटलं, घरी गेला होता. त्यांनी पुढे विचारलं नाही, नोंदवहीवर सही केली, आणि त्या शुक्रवारच्या पानावर जरा थांबले.

आता मी अहमदीच्या ऑफिसात टेबलावर असतो, फाटकावर दुसरा माणूस आहे. जुन्या नोंदवह्या आमच्या विभागातच ठेवलेल्या आहेत, म्हणून परवा हे लिहिताना ते पान पुन्हा काढून पाहिलं. चौदा वर्षांत तेवढी एक ओळ माझ्या हातची नाही. वार नाही, जहाजाचं नाव नाही. अरबी आकड्यांत सत्तेचाळीस, आणि त्याच्यापुढे, वस्तूच्या रकान्यात, बू सालेमने पेन्सिलीनं बैल काढला आहे. शिंगं बाहेर वळलेली. वशिंड जरा जास्तच मोठं झालंय. मी ते दुरुस्त केलं नाही.